बक्षिसाची सहल आणि तिचा खर्च



बड्या कंपन्यांनी आपल्या कर्तबगार माणसांना परदेशच्या थाटाच्या सहली घडवाव्यात की नाही, हा आजचा विषय. कंपनी त्यांची, पैसा त्यांचा. धावड्याच्या लोकांनी ही उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न आपल्या वेशीत केव्हाच आलेला आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली आणि पुढे जालना हे बियाण्यांच्या धंद्याचे मोठे केंद्र झाले. त्यात आपल्या जिल्ह्याचा गौरवच आहे. मात्र बियाणे, खते, फवारणीची औषधे यांच्या धंद्यात एकंदरीने एक रीत पडली आहे, ती अशी की, ठरलेला माल खपवील त्याला परदेशाची सहल. मी कोणा एका कंपनीकडे बोट दाखवीत नाही. रीतीचा विचार करू.

प्रथम या रीतीची चांगली बाजू पाहू. कष्टाचे चीज व्हावे, असे कोणाला वाटत नाही? पूर्वी दरबारात शिरपाव देत. त्या शेल्यापागोट्याच्या किमतीपेक्षा चारचौघांत झालेल्या मानाचे मोल अधिक असे. सहलीचेही तसेच आहे. रोख पैसे दिले तर ते किराण्यात नि मुलांच्या फीमध्ये विरून जातात. पण पत्नीला घेऊन केलेला विमानप्रवास माणूस जन्मभर सांगत राहतो. म्हणून थाटामाटाचा नुसता हेवा करून या प्रथेला नावे ठेवणे मला रास्त वाटत नाही.

माझे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, कामाचा वाटा मोजला कोणाचा? पिशवी विकणाऱ्याचा आकडा वहीत दिसतो. ती भरणारी बाई, ट्रकवर चढवणारा हमाल आणि रात्रभर गाडी हाकणारा ड्रायव्हर वहीत दिसत नाहीत. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९२० साली पगारी रजा आणि १९३४ साली नफ्यातला बोनस सुरू झाला. पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने कमीत कमी किती, ही मर्यादा घातली, ती नंतर ८.३३ टक्के झाली, आणि जास्तीत जास्त २० टक्के अशी वरची मर्यादा घातली. यामागचे तत्त्व सरळ आहे. नफा अनेकांच्या हातांनी होतो, तेव्हा आधी सर्वांचा वाटा, मग एकाचा शिरपाव.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. आपण नेमके मोजले काय? अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण घ्या. सरकारकडून २,५०० कोटी डॉलरची मदत घेतलेल्या या बँकेने आपल्या उत्तम नोकरांसाठी लास व्हेगासची सहल योजली होती. २००९ साली लोकांनी ओरड केली, तेव्हा ती रद्द झाली. सहल गेली, पण ‘आकडा गाठा’ हा धोशा राहिला. २०१६ साली उघडकीस आले की, ठरवून दिलेला आकडा भरण्यासाठी नोकरांनी ग्राहकांना न विचारता सुमारे २० लाख खाती उघडली होती. बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० नोकरांना काढून टाकण्यात आले. बक्षीस आकड्याला होते, म्हणून माणसांनी आकडा पैदा केला.

आता आपल्या बाजारात या. मृगाच्या तोंडावर शेतकरी दुकानात येतो आणि विचारतो, “शेठ, यंदा कपाशीचं कोणतं वाण न्यावं?” पिशवीच्या आतले बी त्याला पाहून पारखता येत नाही, तो विश्वासावर घेतो. त्या घटकेला शेठजींच्या डोळ्यांपुढे शेतकऱ्याची जमीन असावी की पंधरा पिशव्यांनी अडलेली सहल? माणूस प्रामाणिक असला तरी त्याला असल्या मोहात टाकणे हाच अन्याय आहे. रोगी डॉक्टरांच्या शब्दावर औषध घेतो, म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. व्याख्यानासाठी बोलावलेले सोडून इतर डॉक्टरांना कंपन्यांनी प्रवास घडवू नये, असे तिने बजावले. शेतकऱ्यालाही हाच न्याय का नसावा? व्यापाऱ्याला मिळणाऱ्या सहलीकडे सरकारचे लक्ष गेले ते करापुरते. १ जुलै २०२२ पासून, वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या अशा लाभावर १० टक्के कर आधीच कापावा, असा नियम आला. खजिन्याचा वाटा निघाला. शेतकऱ्याच्या हिताचा विचार राहूनच गेला.

तेव्हा बक्षीस द्यावे, पण पेरणीपूर्वीच्या खपावर नव्हे, कापणीनंतरच्या अनुभवावर. ज्याच्याकडचे बी चांगले उगवले, जो तक्रार आल्यावर बांधावर गेला, ज्याने ‘हे वाण तुमच्या हलक्या रानाला चालणार नाही’ असे सांगून हातचे गिऱ्हाईक परत पाठवले, त्याला खुशाल विलायत दाखवा. अशा माणसाला निरोप द्यायला शेतकरीसुद्धा हार घेऊन एस.टी. स्टँडवर येईल.

आणि तोवर आपण एवढे तरी करू या. दुकानात वाणाचे नाव विचारताना आणखी एक प्रश्न विचारू: “शेठ, या पिशवीवर तुम्हाला काय मिळतं?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि त्याचे सरळ उत्तर देण्यात कमीपणा नाही.