पाण्यापर्यंतची वाट

२०१९च्या दुष्काळात आमच्या मुकुंदवाडीतली शाळकरी मुलं घागरी-कॅन घेऊन रेल्वेत बसायची आणि औरंगाबाद स्थानकावरून पाणी भरून आणायची. हाच रेल्वेमार्ग पुढे मनमाडला जातो. मनमाडपलीकडे चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. तेही दुष्काळीच. या गावच्या दत्तू भोकनळने ऑलिंपिकमध्ये नाव वल्हवली.

दत्तू वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचा. वडील गेल्यावर घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ साली तो लष्करात भरती झाला, पुण्यातल्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. त्याची उंची हेरून त्याला नौकानयनाकडे वळवण्यात आलं. तोवर त्याला पाण्याची भीतीच वाटायची.

त्याचा प्रकार सिंगल स्कल्स, म्हणजे एकट्याने नाव वल्हवण्याचा. ही नाव जेमतेम १४ किलोची, अरुंद. जरा तोल गेला की कलंडते. खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. बैठक चाकांवर पुढेमागे सरकते आणि खरा जोर लागतो तो पायांचा. असे २००० मीटर काढायचे.

याच प्रकारात पाच वेळा जगज्जेता ठरलेला पश्चिम जर्मनीचा पीटर-मिशाएल कोल्बे हॅम्बर्गचा, म्हणजे नदीकाठच्या शहरातला. दुष्काळी गावातल्या दत्तूच्या हाती मात्र वल्हं आलं ते विशी उलटल्यावर. २०१६मध्ये आई अपघातानंतर कोमात असताना त्याने कोरियातल्या पात्रता स्पर्धेत रौप्यपदक जिंकून रिओ ऑलिंपिक गाठलं. तिथे नौकानयनात तो एकटाच भारतीय होता. त्याचा क्रमांक तेरावा आला.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत आजारपणामुळे वैयक्तिक शर्यतीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक जिंकलं. २०२०चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला.

श्रोतेहो, विहिरीच्या कामात कमावलेली ताकद दत्तूकडे आधीपासूनच होती. त्या ताकदीला नाव, प्रशिक्षक आणि पोटभर खाणं दिलं ते लष्कराने. अशी काटक मुलं मराठवाड्यात गावोगावी आहेत आणि पैठणचा नाथसागर आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. पण प्रत्येकाच्या नशिबी लष्कराची भरती नसते. म्हणून शाळांनी आठवी-नववीतच अशी मुलं हेरावीत, पोहायला शिकवावीत आणि क्रीडा खात्याने त्यांच्यासाठी नाथसागरावर नावा उतरवाव्यात. दुष्काळी मुलखातली मुलं काय करू शकतात, हे दत्तूने दाखवून दिलं आहे. त्यांना पाण्यापर्यंत नेणं हे आता आपलं काम आहे.