के रीडिंग कोणत्या यंत्राचे?



आज एकच प्रश्न मांडतो: केसपेपरवर कॉर्नियाच्या वक्रतेचा जो आकडा, म्हणजे के रीडिंग, आपण लिहितो, तो नेमका कशाचा असतो?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही वक्रता मोजू पाहणाऱ्या हेल्महोल्ट्झपुढे अडचण होती ती न थांबणाऱ्या डोळ्याची. रुग्ण कितीही निश्चल बसला तरी डोळा सूक्ष्म हलतोच. मग कॉर्नियावरचे प्रतिबिंब मोजायचे कसे? त्याने ते दुहेरी केले. डोळा हलला की दोन्ही प्रतिमा बरोबरच सरकतात, त्यांच्यातले अंतर बदलत नाही. १८८१ मध्ये जावाल आणि श्यॉट्झ यांनी या तत्त्वावरचा केरॅटोमीटर रोजच्या तपासणीत आणला.

मात्र हे यंत्र मध्यभागाच्या साधारण तीन मिलिमीटरच्या वर्तुळावरचे चारच बिंदू पाहते, तेही पुढच्या पृष्ठभागावरचे. साडेसात मिलिमीटर त्रिज्येचे ४५ डायॉप्टर होतात ते १.३३७५ हा अपवर्तनांक धरल्यामुळे. कॉर्नियाचा खरा अपवर्तनांक १.३७६ आहे, मागच्या पृष्ठभागाचा हिशेब त्या धरलेल्या आकड्यात गृहीत असतो. मायोपियासाठी लेसिक झालेल्या डोळ्यात हे गृहीतक कोसळते. पुढचा पृष्ठभाग सपाट होतो, मागचा तसाच राहतो, रीडिंग खऱ्या शक्तीपेक्षा जास्त येते. त्यावरून काढलेले कृत्रिम भिंग कमी नंबरचे निघते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला प्लसचा चष्मा लागतो.

प्लासिडोच्या वर्तुळांवर चालणारी टोपोग्राफी हजारो बिंदू टिपते, केरॅटोकोनसची चाहूल लवकर देते. पण तीही पुढच्याच पृष्ठभागाची, आणि अश्रूंचा थर बिघडला की वर्तुळे तुटतात. शाइमफ्लुग कॅमेरा आणि ओसीटी मागचा पृष्ठभागही दाखवतात. पण म्हणून सर्वांत महाग यंत्र ते सर्वांत खरे, असे मी म्हणणार नाही. नियमित कॉर्नियासाठी, कॅलिब्रेशन केलेला साधा केरॅटोमीटर सरावलेल्या हातात आजही विश्वासार्ह आहे.

दोन यंत्रांची तुलना करणाऱ्या शोधनिबंधांत मात्र सहसंबंधावर समाधान मानले जाते, ते थांबायला हवे. एक यंत्र दर वेळी अर्धा डायॉप्टर जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध अगदी पक्का येईल! ब्लँड आणि ऑल्टमन यांनी हे १९८६ मध्येच बजावले: दोन रीडिंगमधला फरक पाहा, त्या फरकाची व्याप्ती पाहा. कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्याच्या एसआरके सूत्रात के रीडिंगचा गुणक ०.९ आहे. म्हणजे अर्ध्या डायॉप्टरची चूक जवळपास तशीच भिंगाच्या नंबरात उतरते आणि ती रुग्णाच्या वाट्याला जन्मभर येते.

म्हणून माझा आग्रह आहे. रीडिंगशेजारी यंत्राचे नाव लिहा. डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी आणि कॉर्नियाला प्रोब लावण्यापूर्वी मोजा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्या आधी पुरेसे दिवस बंद करायला सांगा. दोन यंत्रांचे जमले नाही तर सरासरी काढून मोकळे होऊ नका; कारण शोधा. आणि निवासी डॉक्टरांनो, ऑटोकेरॅटोमीटर हाताशी असला तरी ड्रम फिरवून मायर्स, म्हणजे कॉर्नियावर दिसणाऱ्या खुणांची प्रतिबिंबे, जुळवायला शिका. वाकडेतिकडे, थरथरणारे मायर्स जे सांगतात, ते छापून आलेल्या दोन आकड्यांत दिसत नाही.

एवढी शिस्त प्रत्येक ओपीडीत आणि प्रत्येक शिबिरात आपण पाळू शकतो. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.