केबिनमधली हवा येते कुठून?

२० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेलं एक प्रवासी विमान थोड्याच वेळात मुंबईला परतलं. ऑक्सिजनचे मास्क लोंबकळत होते, अनेक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त येत होतं. वैमानिकांकडून ‘ब्लीड’चा स्विच चालू करायचा राहून गेला, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं. या स्विचने नेमकं काय चालू होतं, ते आज पाहू.

पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो. तिथे माणसाची शुद्ध मिनिटाभरात हरपते. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते, आणि हवा दाबणारं यंत्र विमानात मुळातच असतं: जेट इंजिनचा कॉम्प्रेसर. त्यात पात्यांच्या चकत्या एकामागे एक असतात आणि प्रत्येक चकती हवा आणखी थोडी दाबते. इंधन पेटण्याआधीच यातली थोडी हवा बाजूला काढून घेतात. तीच ब्लीड एअर. इंजिनचा धूर केबिनमध्ये येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ही हवा ज्योतीपर्यंत पोचलेलीच नसते.

बोइंग ७३७ च्या सीएफएम ५६ इंजिनात ती कॉम्प्रेसरच्या पाचव्या आणि नवव्या टप्प्यावरून घेतात. एरवी पाचवा टप्पा पुरतो. उतरताना इंजिन मंदावलं की तिथला दाब अपुरा पडतो आणि नवव्या टप्प्याचा व्हॉल्व्ह उघडतो. मग कायम नवव्यावरूनच का घेऊ नये? कारण हवा जितकी जास्त दाबावी, तितकं इंधन जास्त जळतं.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे आपण हाताने अनुभवलेलं आहे. इंजिनमधून निघालेली हवाही अशीच तापलेली असते. आधी ती सुमारे दोनशे अंशांपर्यंत निववतात आणि मग विमानाच्या पोटातल्या ‘पॅक’कडे पाठवतात. मला स्वतःला या सगळ्यात पॅकचं फार कौतुक वाटतं. त्यात थंडावा देणारा वेगळा गॅस नसतो. बाहेरच्या वाऱ्याने निववलेली हवा एक छोटा कॉम्प्रेसर पुन्हा दाबतो, ती पुन्हा निववतात आणि टर्बाइनवर सोडतात. टर्बाइन फिरवताना हवेची ऊर्जा खर्ची पडते, ती प्रसरण पावते आणि गार होते. त्या छोट्या कॉम्प्रेसरला फिरवतं तेही हेच टर्बाइन. दोघं एकाच दांड्यावर बसवलेले असतात. म्हणजे गरम हवाच स्वतःला गार करून घेते! शेवटी लागेल तेवढी गरम हवा मिसळून ती केबिनमध्ये सोडतात. मागच्या बाजूचा आउटफ्लो व्हॉल्व्ह किती हवा बाहेर जाऊ द्यायची ते ठरवतो आणि त्यावर केबिनचा दाब राखला जातो.

बहुतेक जेट विमानांत पंखांच्या कडांवर बर्फ धरू नये म्हणूनही हीच हवा वापरतात.

मग ब्लीड बंद करायची वेळ येतेच का? कडक उन्हाळा, उंचावरचा विमानतळ, आखूड धावपट्टी अशा ठिकाणी इंजिनचा सगळा जोर उड्डाणाला हवा असतो. तेव्हा ब्लीड बंद ठेवून उडतात आणि वर गेल्यावर चालू करतात. हे तपासयादीत असतं, तरी नजरेतून सुटू शकतं.

१४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या ७३७ मध्ये ब्लीड चालू होती, पण दाब नियंत्रणाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. आउटफ्लो व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, हवा निसटत राहिली. इशाऱ्याचा भोंगा वाजला. पण जमिनीवर असताना तोच भोंगा ‘विमान उड्डाणासाठी सज्ज नाही’ असंही सांगत असे. वैमानिकांनी तोच अर्थ घेतला. ग्रीसमध्ये विमान कोसळलं, १२१ माणसं गेली. दोन धोक्यांना एकच आवाज देणं हा मी रचनेचाच दोष मानतो. सगळं खापर वैमानिकांवर फोडणं मला पटत नाही. पुढे ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले.

२०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ ने केबिनसाठी इंजिनची हवा घेणं सोडलं. तिथे विजेवरचे कॉम्प्रेसर थेट बाहेरची हवा दाबतात. त्यानंतर आलेल्या एअरबस ए३५० ने मात्र ब्लीडच कायम ठेवली. आणि दोन्ही विमानांत केबिनचा दाब सहा हजार फुटांवरच्या हवेइतका राखता येतो.