संकल्पनेचा रकाना



आपल्या चित्रकार संघटनेच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल आभार. ते कामामुळे मिळालं की वयामुळे, याची चौकशी मी केली नाही. प्रथेप्रमाणे मी गेल्या दशकातल्या चित्रकलेचा आढावा घ्यायला हवा. लिहायला बसलोही होतो. तेवढ्यात एका प्रदर्शनाची प्रवेशिका हातात पडली आणि आढावा तिथेच राहिला.

त्या प्रवेशिकेत चित्राचा आकार, माध्यम आणि किंमत यांच्याही आधी एक रकाना होता : 'कलाकृतीमागील संकल्पना, तीनशे शब्दांत.' खाली सूचना, टिपण नसेल तर प्रवेशिका बाद. म्हणजे परीक्षक आधी वाचणार, मग जमलं तर बघणार. प्रदर्शनाचं नाव कशाला घेऊ? हा रकाना आता जिकडेतिकडे आहे. काही ठिकाणी तर मुलानं कागदाला चारकोल लावायच्या आत काय काढणार, का काढणार, हे लिहून सरांची सही आणायची असते. हे मला फार वर्षं खुपतंय. आज माइक हातात आहे तर बोलून घेतो.

मी जन्मभर माणसं काढली. त्यातलं एकही चित्र शेवटी काय होणार, हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं.

आमच्या लाइफ क्लासला एक बाबा मॉडेल म्हणून यायचे. उमेदीत हमाली केलेली. स्टुलावर बसायचं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, अशी साधी पोझ. मी डोनकीवर, म्हणजे ड्रॉइंगच्या बाकड्यावर बसून म्हातारपण काढायला निघालो होतो : उतरलेले खांदे, वाकलेली पाठ. पण उजवा खांदा काही उतरेना. पेन्सिल धरून माप घेतलं, पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तो वरच. मग तळव्याकडे लक्ष गेलं. डावा तळवा गुडघ्यावर नुसता ठेवलेला होता. उजवा गुडघा दाबत होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. सगळं वजन त्या हातावर घेऊन बाबा बसले होते. कुणी हाक मारली तर पुढच्या क्षणी उठतील असे. म्हातारपण गेलं, उठायच्या बेतात असलेला माणूस कागदावर आला. पुढे ते चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा एका समीक्षकांना त्यात गिरणी संप दिसला. असेल. मी खांदा शोधत होतो.

यालाच मी अंतःप्रेरणा म्हणतो. डोळे मिटून रंग फासण्याशी तिचा संबंध नाही. हात काहीतरी सांगत असतो आणि आपण ते पुसून पुसून ऐकायचं असतं.

सकाळच्या परिसंवादात फोटोवरून चित्र काढावं की नाही, यावर दोन तास वाद झाला. तो मिटवून टाकतो. एका गृहस्थांनी दिवंगत वडिलांचं व्यक्तिचित्र माझ्याकडून करून घेतलं. पासपोर्टचा फोटो आणि लग्नातला एक, एवढंच साहित्य. चेहरा हुबेहूब जमला. त्या गृहस्थांच्या आई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हे असे कधी बसायचे नाहीत." मी म्हटलं, कसे बसायचे ते दाखवा. त्या खुर्चीत बसल्या, एक पाय दुमडून आत घेतला, कोपर मागे टाकला, मान किंचित कलती केली. मी त्यांच्यावरून त्यांच्या यजमानांचं धड काढलं. चित्र त्यांच्या घरी अजून आहे. फोटो खुशाल वापरा. शरीर कुठून आणणार, ते सांगा.

आता माझे विरोधक म्हणतील, चित्रकार सुधीर पटवर्धनांकडे विचार होता की! होता ना. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेला, मार्क्स वाचलेला हा माणूस १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होता. उपनगरातली कामकरी माणसं, बदलतं गिरणगाव, सगळं त्यांनी काढलं. पण मार्क्स सत्तरच्या दशकात पुष्कळांनी वाचला होता. १९७७ मध्ये 'इराणी रेस्टॉरंट' हे चित्र एकाच्याच हातून झालं. दिवसभर माणसांच्या हाडांच्या फिल्म बघणाऱ्या डोळ्यांना त्वचेच्या आतलं वजन कळत असणार, असं मला आपलं वाटतं.

चित्रकार भूपेन खख्खर तर पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. १९७२ च्या 'जनता वॉच रिपेअरिंग'साठी त्यांनी रकान्यात काय लिहिलं असतं? 'घड्याळदुरुस्तीचं दुकान.' झालं, प्रवेशिका बाद. १९८१ च्या 'यू कान्ट प्लीज ऑल'मध्ये गॅलरीत उभा असलेला एक नागडा माणूस खाली इसापाच्या गोष्टीतले बाप, मुलगा आणि गाढव बघतो आहे. कुठल्या समितीनं याला सही दिली असती? आज ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

हे दोघे १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात एकत्र होते. त्या प्रदर्शनालाही लेख होता, समीक्षक गीता कपूर यांचा. समीक्षकानं लेख लिहावा आणि चित्रकारानं चित्र काढावं, या वाटणीवर माझा काही आक्षेप नाही.

चित्रकारानंच लेख लिहायचा म्हटलं की पाठांतर आलंच. आमच्या काळी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात मुलं गाइडमधला फुगेवाला पाठ करून जायची. अख्ख्या महाराष्ट्राचा फुगेवाला एकच, उजवा हात वर, शेजारी फ्रॉकमधली मुलगी. आता फुगेवाल्याच्या जागी विस्थापन, अस्मिता, स्मृती आणि देह आले आहेत. परीक्षक म्हणून मी ही टिपणं गठ्ठ्यानं वाचतो. अलीकडे ती मोबाइलच लिहून देतो, त्यामुळे शुद्धलेखन मात्र सुधारलं आहे. आणि टिपणात 'देह' लिहिणाऱ्या मुलाला मनगट काढता येत नाही.

संघटनेच्या कामाविषयी थोडक्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी मॉडेलला द्यायला पैसे नसतात, त्यासाठी निधी उभारावा. जुन्या शिक्षकांची ड्रॉइंग्ज माळ्यांवर कुजताहेत, ती गोळा करावीत. कसं, कुठे, ते कार्यकारिणी ठरवेल.

मला एकच काम पक्कं करायचं आहे. आपल्याच वार्षिक प्रदर्शनाच्या प्रवेशिकेत हा रकाना आहे. तो वगळावा, असा ठराव मी उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करा, टिपण जोडायची गरज नाही.