परदेशप्रवास आणि मोबाइलचे देयक



मुलाबाळांना भेटण्यासाठी परदेशी जाणारे वडीलधारे आता आपल्या गावांतूनही दिसू लागले आहेत. प्रवासखर्चाचा हिशेब सारेच मांडतात. मोबाइलचा मात्र क्वचितच मांडला जातो.

परदेशात आपला फोन तेथील कंपनीच्या जाळ्याचा आश्रय घेतो. त्या सेवेचे मूल्य आपली कंपनी आपल्याकडून वसूल करते. यालाच ‘रोमिंग’ म्हणतात. फोन खिशात असतानाही छायाचित्रांची साठवण व अ‍ॅपचे नूतनीकरण चालूच राहते आणि नकळत देयक वाढते.

म्हणून विमानात बसण्यापूर्वीच ‘डेटा रोमिंग’ बंद करावे. मुक्काम थोडा असल्यास आपल्या कंपनीचा आंतरराष्ट्रीय पॅक घ्यावा. त्यात कोणते देश येतात, हे आधी पाहावे. मुक्काम दीर्घ असल्यास तेथील सिमकार्ड अथवा ई-सिम सोयीचे. बँकेच्या ओटीपीसाठी आपले सिम चालू ठेवावे. त्यावरील डेटा तेवढा बंद असावा. नकाशे घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्यावेत.

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील रोमिंगचा अधिभार रद्द केला. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेले सिम बर्लिनमध्येही सामान्यतः त्याच दराने चालते. ही सवलत भारतीय सिमला मात्र नाही. आणि स्वित्झर्लंड संघाबाहेर असल्याने तेथे तो नियमही लागू नाही. जहाजावरील व विमानातील उपग्रहसेवेचे दर तर वेगळे व बहुधा चढेच असतात. तेथे फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवणे इष्ट.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती गावातील प्रवाशांपर्यंत पोहोचविली, तरी अनेकांच्या कष्टाचा पैसा वाचेल.