किती दिस थांबायचं?



मागच्या महिन्यात आपल्या उमरगा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत मोठं भांडण झालं. गट चौथ्या वर्षात आहे. दर महिन्याला १०० रुपये बचत, वही नीट, बैठक चुकत नाही. पण एका सभासदानं शेळ्यांसाठी १५,००० रुपये घेतले, चारातल्या तीन शेळ्या रोगानं दगावल्या आणि हप्ते थांबले. मग सगळ्यांचाच धीर सुटला. आपापले पैसे वाटून घ्यायचे आणि मोकळं व्हायचं, असं ठरायलाच आलं होतं. तेवढ्यात एक मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तू दर रविवारी प्रार्थनेला जातीस. तुझ्या देवानं तरी सांगितलंय का, किती दिस थांबायचं ते?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर काही सुचलं नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करते.

बायबलात याकोबाचं एक छोटं पत्र आहे. त्यात धीर धरायला सांगताना उदाहरण दिलंय ते शेतकऱ्याचं. तो पहिल्या पावसाची वाट बघतो आणि शेवटच्याही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सोयाबीन शंभर दिवसांत हातात येतं, पण त्याच्या शेजारच्या ओळीतली तूर दिवाळी झाली तरी उभीच असते. सोयाबीन काढताना तूर कुणी उपटून टाकत नाही.

आता एक खरी गोष्ट सांगते. आपल्या जिल्ह्यातल्या भूम-परंड्याच्या पलीकडं नगर जिल्ह्यात जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. दोघं ख्रिस्ती, दोघं वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढं अमेरिकेतही शिकून आलेले. शहरात दवाखाना टाकला असता तर पैसा कमी पडला नसता. पण गरिबांची सेवा हीच आपली प्रार्थना, असं त्यांनी धरलं होतं. जामखेडात सुरुवात झाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे दर सहा पाळण्यांमागं एक रिकामा. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. लोक म्हणाले, औषध राहू द्या, आधी पाणी द्या. मग या डॉक्टरांनी पाण्याचं काम हाती घेतलं. विंधन विहिरी घेतल्या आणि हातपंप बसवले दलित वस्तीत. गावातल्या बाकीच्या बायांना पाणी पाहिजे तर तिथंच यावं लागे. भाषण न करता केलेलं हे काम मला फार आवडतं.

पण सगळं जमत गेलं असं नाही. गावात राहायला त्यांनी शिकलेल्या नर्स पाठवल्या. ते चाललं नाही. बाहेरच्या तरुण पोरी, गावात एकट्या राहणार कशा आणि त्यांचं ऐकणार कोण? मग विचार बदलला आणि गावातलीच बाई निवडायची ठरलं. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी जणी दलित होत्या, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. त्या जामखेडला शिकायला यायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. पहिल्या दिवशी स्वतःचं नावसुद्धा मोठ्यानं सांगता न येणाऱ्या बाया पुढं बाळंतपणं करू लागल्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवू लागल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ तर अमेरिकेतल्या परिषदेत बोलून आल्या. तिथल्या झुंबराकडं बोट करून त्या म्हणाल्या होत्या, डॉक्टर असे झगमगणारे पण लांबचे, आणि आम्ही पणतीसारख्या, एकीनं दुसरी लावता येते.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळांच्या मरणाचं प्रमाण १९९० नंतरच्या वर्षांत हजारी तीसच्या खाली आलं. मधली वीसेक वर्षं बघा. १९७२ ला कुणी वही उघडून विचारलं असतं, की दोन वर्षांत काय झालं, तर दाखवायला फारसं काही नव्हतं. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. आरोळे २०११ मध्ये. काम अजून चालू आहे.

इथं एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. धीर धर, सोस, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. नवरा मारतो, धीर धर. सासरी उपाशी ठेवतात, धीर धर. त्या सोसण्याला मी धीर म्हणत नाही, आणि माझा धर्मही म्हणत नाही असं मी मानते. कुणी मारत असेल तर गटाला सांगा, पोलिसांना सांगा. आरोळ्यांचा धीर वेगळा होता. नर्स पाठवून जमलं नाही तेव्हा त्यांनी रीत बदलली, पण गाव सोडलं नाही. शेतकरीही पावसाची वाट बघत नुसता ओट्यावर बसत नाही, खुरपणी करतोच.

म्हणून त्या मावशींना मी म्हणेन, किती दिस ते देवानं मला सांगितलेलं नाही. पण थांबताना काय करायचं ते दिसतं. शेळ्या का मेल्या ते आम्ही त्या बैठकीत विचारलंच नव्हतं. नंतर कळलं, लस टोचलेली नव्हती. पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला तिला कुणी सोबतीण नव्हती, आणि आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. मीसुद्धा कर्जाच्या वहीवर सही घेतली आणि पुढच्या गावाला गेले.

आता गटापुढं असं मांडायचं आहे, की तिचा हप्ता अर्धा करून मुदत वाढवावी, आणि पुढं शेळीचं कर्ज लसीचा दाखला बघूनच द्यावं. मुद्दाम पैसे बुडवणारीला मात्र ही सवलत नको. तिथं धीराचं नाव सांगून चालणार नाही, कारण ते पैसे बाकीच्या नऊ जणींच्या घामाचे आहेत.

बैठक मंगळवारी आहे. उरलेली एक शेळी गाभण आहे म्हणे. मावशींनी यायचं कबूल केलंय, पण त्यांचं मत अजून वाटून घ्यायचंच आहे.