नरक्या नावाचे झाड



बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मंडळींना रानातल्या औषधांचे कौतुक आम्ही काय सांगावे! म्हणून आज एकाच झाडाची हकीकत सांगतो. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, महाबळेश्वर-आंबोलीकडे, नरक्या नावाचे झाड आहे. त्याला घाण वास येतो, म्हणून हे नाव. गंमत अशी, की त्यालाच कोणी अमृताही म्हणतात.

१९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. यांतले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी व विश्वनाथन यांना हेच द्रव्य नरक्यात सापडले, तेही अधिक प्रमाणात.

हे द्रव्य करते काय? पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या पीळदार दोरीची नक्कल व्हावी लागते. पीळ सैल करण्यासाठी एक विकर ती दोरी किंचित कापते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन हे जोडकाम अडवते. दोरी तुटकी राहते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या अधिक सापडतात. परंतु आतड्यांतल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही तशाच वाढतात, आणि औषधाला आपपर कळत नाही. १९७०च्या सुमारास रुग्णांवर प्रयोग झाले, तेव्हा काहींच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. प्रयोग थांबवावे लागले. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे झाली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली १९९६ साली. तीस वर्षे गेली!

हे इतके सांगण्याचे कारण, गाठ दिसताच कोणाकोणाच्या घरी सदाफुलीचा पाला वाटला जातो. सदाफुलीत औषध आहे, हे खोटे नव्हे, विन्क्रिस्टिन तिच्यातलेच. पण ते शिरेतून, मिलिग्रॅमच्या मापाने देतात. वाटीभर रसात काय आणि किती उतरले, हे कोण सांगणार? शिवाय पाला वाटण्यात गेलेले महिने गाठीच्या पथ्यावर पडतात. परळचे टाटा रुग्णालय येथून लोकलने एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.

राहता राहिला नरक्या. द्रव्याला परदेशांतून मागणी आली आणि झाडे मुळांसकट उपटली गेली, त्यांच्या चिपा पोत्यांनी बाहेर गेल्या. बुंधा राखून तोडले असते, तर त्याला पुन्हा धुमारे फुटले असते.